धागा: जवान आणि नागरी कर्मचारी एकाच बाकावर – लष्करी आर्थिक कामकाजाचा पाच दिवसांचा वर्ग कसा बांधावा?

रामबागकर
नमस्कार मंडळी. महूच्या बाजूला पाच दिवसांचा वर्ग बांधायचा आहे. २४ जण असतील. १४ गणवेशातले, म्हणजे लिपिक हवालदार, स्टोअरचे जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) आणि दोन कॅप्टन. बाकी १० नागरी: एलडीसी आणि यूडीसी (कनिष्ठ व वरिष्ठ लिपिक), दोन ऑडिटर. विषय मंजुरी, स्थानिक खरेदी, बिल, बजेटचा हिशोब, पगार आणि प्रवासभत्ता.

नेहमीचा साचा असा की पहिले दोन दिवस नियम वाचून दाखवायचे (जीएफआर २०१७, म्हणजे सरकारी वित्तीय नियम; डीएफपीडीएस २०२१, म्हणजे संरक्षण सेवांना सोपवलेले आर्थिक अधिकार; डीपीएम, म्हणजे संरक्षण खरेदीपुस्तिका) आणि मग शंकासमाधान. त्यातून नियमांचे आकडे पाठ होतात, पण बिल परत यायचे ते येतेच. वेगळे काय करता येईल? इंदूर-महूकडची आणि पुण्याकडची जाणकार मंडळी इथे आहेत, म्हणून विचारतो.

दौत_टाक
नियम आधी नको, फाईल आधी. पहिल्या दिवशी सकाळी चौघाचौघांच्या सहा गटांना प्रत्येकी एक बनावट फाईल द्या. तिच्यात मुद्दाम सात चुका पेरा आणि दोन तासांत शोधायला लावा. नियमाचे पुस्तक टेबलावर असू द्या, पण उघडायला कुणी सांगू नका. चूक सापडली की आपोआप उघडतात.

पेरायच्या चुका या घ्या:
पुरवठा आदेशाची तारीख खर्चमंजुरीच्या आधीची.
मंजुरीपत्रात डीएफपीडीएसचे शेड्यूल आणि अनुक्रमांक नाही.
आयएफएची (वित्त सल्लागाराची) सहमती घेतली आहे, पण त्या सहमतीच्या टिपणाचा यूओ क्रमांक आणि तारीख लिहिलेली नाही.
रक्कम आकड्यात एक, अक्षरात दुसरी.
कोड हेड (खर्च ज्या शीर्षाखाली नोंदायचा त्याचा क्रमांक) चुकीचा.
सीआरव्हीवरची (माल जमा झाल्याच्या पावतीवरची) संख्या बिलापेक्षा दोनने कमी.
तीन कोटेशनांवर एकच फोन नंबर.

गणवेशातल्यांना शेवटच्या दोन चुका लगेच दिसतात, नागरी मंडळींना पहिल्या पाच. म्हणून गट मिश्रच करा, दोन्हीकडचे समसमान नसले तरी चालेल.

महूच्या_बाजूने
दौतकाकांशी सहमत, पण या सातांतली पहिली चूक बाकी सहांच्या वरची आहे. युनिटकडून होणारी सगळ्यात महागडी चूक तीच. माल तातडीने लागतो, दुकानदाराला फोन जातो, माल येतो, आणि मग कागद मागच्या तारखेने जमवत बसतात. याचे कारण अप्रामाणिकपणा असेलच असे नाही. लष्करी शिक्षणात ‘आधी काम फत्ते, कागद नंतर’ हे अंगात भिनवलेले असते, आणि सरकारी पैशाचा क्रम नेमका उलटा.

म्हणून क्रम भिंतीवर लावा. गरजेचे टिपण, म्हणजे स्टेटमेंट ऑफ केस. मग संख्येची तपासणी. मग गरज मान्य असल्याची सीएफएची (मंजुरीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची) संमती. निविदा किंवा जेम (सरकारी खरेदीचे पोर्टल). तुलनातक्ता. किंमत जास्त असेल तर वाटाघाटी. खर्चमंजुरी. त्यानंतरच पुरवठा आदेश. माल आला की तपासणी, सीआरव्ही, बिल. तक्त्यात प्रत्येक पायरीसमोर ‘सही कुणाची’ आणि ‘तारीख कशाच्या नंतरची’ असे दोन रकाने ठेवा. या दुसऱ्या रकान्यातच अर्धा वर्ग आहे.

सियागंज_ते_सराफा
भिया, कोटेशनांची चूक जरा खोलात शिकवा. फोन नंबर एकच असणे ही बाळबोध खूण झाली. खऱ्या कागदात खुणा बारीक असतात. तिन्ही पत्रांत ‘वॉरंटी’चे स्पेलिंग सारखेच चुकलेले, तिन्हींचे क्रमांक सलग, दुसरी आणि तिसरी किंमत पहिल्यापेक्षा बरोबर पाच आणि दहा टक्क्यांनी जास्त, जीएसटी क्रमांकातला मधला दहा अक्षरी पॅन एकच. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची (मध्य प्रदेशचा कोड २३), पुढची दहा पॅनची. एवढे माहीत असले तरी निम्मी जोडगोळी पकडता येते.

आणि खरेदी समितीच्या दाखल्यावर डोळे मिटून सही करायची नसते हेही सांगा. जीएफआरच्या नियम १५५ प्रमाणे तिघे सदस्य लिहून देतात की माल हव्या त्या दर्जाचा आणि वर्णनाचा आहे, भाव चालू बाजारभावाप्रमाणे आहे आणि पुरवठादार विश्वासाचा आहे. ‘बाजारभाव’ म्हटले म्हणजे समितीने बाजार पाहिला पाहिजे. वर्गातल्या तिघांना इंदूरच्या जेल रोडला पाठवून एकाच एक्स्टेन्शन बोर्डाचे चार दुकानांतले भाव लिहून आणायला सांगा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

रामबागकर
जेल रोडची कल्पना घेतो. खरेदीच्या रकमांच्या मर्यादा शिकवाव्यात का?

दौत_टाक
मर्यादा तोंडपाठ करून घेऊ नका, बदलतात. जीएफआर २०१७ छापले तेव्हा कोटेशनाशिवाय खरेदी २५,००० पर्यंत आणि समितीमार्फत अडीच लाखांपर्यंत होती. पुढे परिपत्रकांनी आकडे हलतात आणि जुने पुस्तक पाठ असलेला माणूस ठामपणे चुकीचे सांगतो. खरेदीपुस्तिकेचेही तसेच: डीपीएम २००९ जाऊन १ नोव्हेंबर २०२५ पासून डीपीएम २०२५ आले. जुन्या कंत्राटांचे दावे मात्र त्यांच्या त्यांच्या अटींवरच निकाली निघतात. म्हणजे पुढची काही वर्षे दोन्ही पुस्तके कपाटात ठेवावी लागतील. ‘या फाईलला कोणते पुस्तक लागू’ हा प्रश्न विचारायची सवय लावा.

मर्यादेपेक्षा नियम १५७ महत्त्वाचा. वरची मंजुरी किंवा निविदा टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायचे नाहीत. लोकांना वाटते एकाच दिवशी दोन आदेश काढले तरच तुकडे. तसे नाही. एकाच वस्तूची गरज एकाच वेळी माहीत होती का, हे तपासणारा पाहतो. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी ४०,००० चे टोनर घेतले आणि वर्षाचा वापर एप्रिलमध्येच ठाऊक होता, तर तेही तुकडेच.

कारखानीस
संख्येच्या तपासणीला कुणी हात लावत नाही, म्हणून लिहितो. स्टोअरच्या जेसीओला हे एकदा फळ्यावर करायला लावा. महिन्याचा सरासरी वापर ४०. बारा महिने आणि तीन महिन्यांचा राखीव साठा धरून १५ महिन्यांची गरज ६००. कोठारात १५०. आधीच्या आदेशाचे २०० यायचे आहेत. मागायचे किती?

वर्गातले निम्मे लोक ४५० सांगतील. यायचे असलेले २०० वजा करायचे राहते, कारण ते लेजरच्या पानावर नसतात, पुरवठा आदेशाच्या फाईलमध्ये असतात, आणि ती फाईल दुसऱ्या खोलीत. उत्तर २५०. दोनशे नग जास्त मागितले की पैसे अडकतात आणि वस्तूची मुदत कोठारातच संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे सरासरी. मागच्या वर्षी युनिट चार महिने सरावाला बाहेर असेल तर बारा महिन्यांची सरासरी खोटी निघते. हे गणवेशातल्याला माहीत असते, पण तो लिहित नाही. नागरी ऑडिटर कागद पाहतो, म्हणून आक्षेप घेतो. टिपणात एक वाक्य असते तर आक्षेप आला नसता.

(विषयांतर: महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे एकाच तोलाचे ठेवले होते आणि कोठार कारखानिसाकडे. किल्ली एकाकडे, हिशोब दुसऱ्याकडे, धान्य तिसऱ्याकडे. आमचे आडनाव त्यातूनच. जेमवर खरेदीदार, माल घेणारा आणि पैसे देणारा यांची लॉगिने वेगळी ठेवतात ती याच बुद्धीने. मग एकाच टेबलावर तिघांचे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, याला काय म्हणावे!)

लेखणी_लोकमान्यनगर
कारखानीसदादा, चिठ्ठीचा मुद्दा वर्गात घ्यायलाच हवा. जेमवर माल आला की ४८ तासांत तात्पुरती पावती, मग १० दिवसांत सीआरएसी, म्हणजे माल मान्य की अमान्य याचा दाखला, आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे. माल घेणाऱ्याच्या नावाने दुसऱ्याने सीआरएसी काढली आणि मागाहून माल निकृष्ट निघाला, तर नाकारण्याचा हक्क गेलेला असतो. जबाबदारी ज्याच्या नावाची सही, त्याची. हे जवानांना लगेच पटते, कारण हत्यार दुसऱ्याच्या नावावर काढत नाहीत हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. उदाहरण तेच द्या.

तुलनातक्त्याचा एक छोटा सराव: अ चा भाव ९८० सर्व करांसह. ब चा ८५०, जीएसटी १८ टक्के वेगळा. कोण स्वस्त? घाईत ब निवडतात. ८५० वर १८ टक्के धरले की १,००३ होतात. अ स्वस्त. त्यातच क चा भाव टाका, ९६०, पण ‘इंदूर गोदामातून उचलणे’. महूपर्यंतचे भाडे कुणाचे? निविदेत ‘पोहोच किंमत’ असे लिहिलेच नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि चूक क ची नाही, निविदा लिहिणाऱ्याची आहे.

महूच्या_बाजूने
आता बजेट. इथे अर्धा दिवस नाही, एक पूर्ण दिवस द्या, कारण मार्चमधला गोंधळ इथूनच निघतो.

रकमांचे एक पान करा: मिळालेले वाटप १२,००,०००. आजवर बुक झालेला खर्च ५,४०,०००. दिलेले पण बिल न झालेले आदेश ४,१०,०००. शिल्लक किती? सहा लाख साठ हजार असे उत्तर हमखास येते. खरी शिल्लक २,५०,०००. बांधील रक्कम वजा करायची राहिली तर जानेवारीत नवा आदेश निघतो, आणि मार्चमध्ये दोन पुरवठादार एकाच पैशासाठी उभे राहतात.

दुसरा मुद्दा असा की युनिटच्या नोंदवहीतला खर्च आणि सीडीएच्या (संरक्षण लेखा नियंत्रकाच्या) संकलनातला खर्च जुळत नाही. कोड हेड चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडतात. तुमच्याकडे शिल्लक दिसते, शेजारच्या युनिटचा खर्च फुगतो. दर महिन्याला जुळवणी केली तर दुरुस्ती एका पत्राने होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीच दुरुस्ती कुणी करून देत नाही.

तिसरा मुद्दा लोकांना खरेच चकित करतो. आपला हिशोब रोखीवर चालतो. फेब्रुवारीत आदेश, मार्चमध्ये माल, एप्रिलमध्ये बिल, तर तो खर्च नव्या वर्षाच्या वाटपातून. जुन्या वर्षाचे पैसे ३१ मार्चला गेले. म्हणून एप्रिलचे पहिले पान कोरे नसते, मागच्या वर्षाच्या बांधिलकीने सुरू होते. हा रकाना नसेल तर वही अपुरी.

दौत_टाक
त्यात जोड: शेवटच्या तिमाहीत अर्थसंकल्पी अंदाजाच्या ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के ही खर्चाची मर्यादा वित्त मंत्रालयाने घातलेली आहे, आणि नियम ६२(३) मार्चच्या खर्चघाईला आर्थिक शिस्तीचा भंगच म्हणतो. वर्गाला हे आकडे सांगा, पण त्यामागचे कारणही सांगा. घाईत घेतलेल्या वस्तूची संख्या तपासलेली नसते, भाव घासलेला नसतो आणि तपासणी नावापुरती होते. वर दिलेल्या सातांतल्या पाच चुका मार्चच्या बिलांतच सापडतात.

कॅप्टन मंडळींना चौकट दाखवा. संरक्षणाच्या चार मागण्या आहेत: नागरी, सेवांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. भूदलाचा महसुली खर्च मुख्य शीर्ष २०७६ खाली, नौदल २०७७, वायुदल २०७८, भांडवली ४०७६. २०२५-२६ चे एकूण ६.८१ लाख कोटी, त्यात निवृत्तिवेतन सुमारे १.६० लाख कोटी. दहा मिनिटे पुरेत. आपल्या युनिटचे बारा लाख या झाडाच्या कोणत्या फांदीवर आहेत एवढे कळले की कोड हेड चुकायचे कमी होते.

सियागंज_ते_सराफा
आयएफए म्हणजे ‘नाही म्हणणारा माणूस’ अशी समजूत गणवेशात फार आहे. ती कशी घालवावी?

दौत_टाक
भूमिका बदलून. तिसऱ्या दिवशी कॅप्टनला आयएफए करा आणि ऑडिटरला सीएफए. ऑडिटरला सांगा, पाऊस तोंडावर आहे, जनित्र बंद पडले आहे, चार दिवसांत दुरुस्ती हवी. कॅप्टनला सांगा, शंका फक्त एकदाच आणि एकत्रच विचारायच्या, तुकड्यातुकड्याने नाहीत. दोन फेऱ्यांत दोघांनाही कळते की फाईल लांबते ती शंकांमुळे नाही, शंका किस्तीने येतात म्हणून.

आणि हेही सांगा की सीएफएला आयएफएचा सल्ला डावलता येतो. कारण लेखी नोंदवायचे आणि त्याची प्रत आयएफएला द्यायची. तो ते वर कळवू शकतो. हे माहीत नसल्याने काही जण फाईल अडवून बसतात, काही जण सल्ला मागतच नाहीत. अंगभूत अधिकारात काय येते आणि आयएफएच्या सहमतीने काय, हे शेड्यूलमध्ये दोन वेगळ्या रकान्यांत असते. चुकीचा रकाना वाचणे ही सर्रास होणारी चूक.

लेखणी_लोकमान्यनगर
पगार आणि प्रवासभत्ता याचा वर्ग मात्र एकत्र सुरू करून मग वेगळा करा. एकाच कार्यालयात दोन कायदे चालतात. नागरी कर्मचाऱ्याची रजा सीसीएस रजा नियम १९७२ प्रमाणे, जवानाची सेवांच्या रजानियमांप्रमाणे. १ जानेवारी २००४ पासून लागलेला नागरी कर्मचारी एनपीएस या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेत (आता यूपीएस योजनेचा पर्यायही), नियमित जवान मात्र जुन्या निवृत्तिवेतनात. नागरीला एलटीसी (रजाप्रवास सवलत), जवानाला वॉरंट (सरकारी खर्चाने प्रवासाचा परवाना). लिपिकाने एकाचा नियम दुसऱ्याला लावला की वसुली निघते, आणि वसुली निघाली की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

जवानाच्या पगाराची गुरुकिल्ली म्हणजे भाग दोन आदेश. पदोन्नती, लग्न, मूल, रजेवरून हजर होणे, बदली, सगळ्यांची नोंद तिथे. तो आदेश पे अकाउंट्स ऑफिसला पोचल्याशिवाय खात्यात काही हलत नाही. पीएओ चूक करते अशी तक्रार असते, पण बहुतेक वेळा आदेश उशिरा निघालेला असतो किंवा नाकारला गेलेला असतो आणि नाकारल्याची यादी कुणी पाहिलेली नसते. सराव असा ठेवा: दहा नोंदी, त्यात तीन नाकारलेल्या. नाकारण्याचे कारण ओळखा, पुन्हा काढा, आणि त्या जवानाच्या पुढच्या तीन महिन्यांच्या खात्यावर काय परिणाम होईल ते लिहा. तिसरा भाग कधी वगळू नका. पदोन्नती उशिरा कळली तर थकबाकी मिळते, पण भत्ता बंद झाल्याची नोंद उशिरा गेली तर खाते उणे होते, आणि तेव्हा त्याच्या घरचा हप्ता चुकतो.

प्रवासभत्त्याचा दावा प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत. पूर्वी वर्षभर चालायचे, २०१८ मध्ये कमी केले. जुन्या लिपिकांच्या डोक्यात अजून वर्ष आहे. डीटीएसवर (संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रवासप्रणालीवर) काढलेले तिकीट रद्द केले तर तेही दाव्यात दाखवायचे, नाहीतर तेवढी रक्कम त्याच्या नावावर लोंबकळत राहते.

रामबागकर
ताई, हा सराव तर तसाच उचलतो. एक प्रश्न: सार्वजनिक निधी आणि रेजिमेंटल निधी यांचा घोळ कसा सोडवावा?

महूच्या_बाजूने
थोडक्यात: पैसा सरकारकडून आला आणि हिशोब सरकारला द्यायचा, तो सार्वजनिक. बाकी रेजिमेंटल. घोळ होतो तो उसनवारीत. सरकारी पैसे यायला वेळ आहे म्हणून रेजिमेंटलमधून दिले, नंतर सरकारी बिलाचे पैसे ‘परत’ वळवले. परत वळवताना पावती रेजिमेंटलच्या नावावर आणि बिल सरकारी, असा विचित्र कागद तयार होतो. ऑडिटरच्या भाषेत त्याला उत्तर नाही. वर्गात दोन रंगांच्या वह्या ठेवा आणि एकीतून दुसरीत जाणारी कुठलीही नोंद दिसली की थांबून कारण विचारा.

सियागंज_ते_सराफा
अमेरिकेत म्हणे सैनिक आणि नागरी एकाच शाळेत शिकतात?

दौत_टाक
त्यांच्या सैन्याची वित्त शाळा साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनला आहे. वित्त तंत्रज्ञ सैनिकाचा व्यवसाय संकेतांक ३६बी. त्यांच्या संरक्षण खात्याच्या वित्त प्रमाणपत्राच्या तीन पातळ्या गणवेशातल्याला आणि नागरीला सारख्याच लागू, आणि ते टिकवायला पुढे शिकत राहावे लागते. घेण्यासारखे ते हे. त्यांचा अँटिडेफिशियन्सी कायदा मात्र आपल्या वर्गात आणू नका. तिथे मंजुरीबाहेर खर्च झाला तर राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसला कळवावे लागते. आपल्याकडे मागणीपेक्षा जास्त झालेला खर्च घटनेच्या कलम ११५ खाली संसदेत नियमित होतो. दोन्ही एकत्र शिकवले की वर्गाची खिचडी होते.

आपल्याकडे संरक्षण लेखा विभागाची पुण्यातली अकादमी आणि प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रे आहेतच. खात्यातले नागरी कर्मचारी एसएएस या लेख्याच्या खातेपरीक्षेच्या निमित्ताने पुस्तक पक्के करतात. युनिटच्या लिपिकाला तशी परीक्षा नाही. तुमच्या पाच दिवसांचा भार त्याच्यावर ठेवा.

रामबागकर
शेवटच्या दिवसाची परीक्षा अशी ठरवतोय: एक पूर्ण फाईल, चार तास, पुस्तके उघडी. त्यात दंडाचा हिशोब टाकला आहे. आदेश ४,००,००० चा, त्यातला १,२०,००० चा माल १७ दिवस उशिरा. कंत्राटात आठवड्याला ०.५ टक्के, कमाल १० टक्के. उत्तर बरोबर आहे ना: १,८००?

लेखणी_लोकमान्यनगर
बरोबर. उशीर झालेल्या भागावरच दंड, म्हणून आठवड्याला ६००. आणि ‘आठवडा किंवा त्याचा भाग’ असा शब्द असेल तर १७ दिवसांचे तीन आठवडे. ४,००,००० वर काढून ६,००० लिहिणारे पाचसहा जण निघतील, १७ ला ७ ने भागून अपूर्णांक लिहिणारे एकदोन. कलमाचे शब्द फाईलमध्ये जोडा, नाहीतर दोन्ही उत्तरे वादात जातील.

कारखानीस
आणि माल पोचल्याची तारीख बिलावरून घेऊ देऊ नका. गेटच्या नोंदवहीची एक प्रत फाईलमध्ये घाला, तारीख बिलापेक्षा चार दिवस पुढची.

रामबागकर
मग १७ चे २१ होतील, आठवडे तीनच राहतात.

कारखानीस
म्हणून चार नको, पाच दिवस पुढची घाला. २२ झाले की चौथा आठवडा लागतो, दंड २,४००. गेटची वही कुणी उघडली ते तेवढ्यावरूनच कळेल.